पेन्सिलीची एक रेघ

दिवाळीच्या आधी आमच्या घरी माळा उतरवण्याचा एक दिवस असतो. वर्षभर वर चढून बसलेल्या वस्तू त्या दिवशी खाली येतात आणि त्यांचा न्यायनिवाडा होतो. न्यायासनावर अर्थातच आमची सौभाग्यवती. फुटक्या कानाची बरणी, मुका झालेला ट्रान्झिस्टर, माझ्या एम.ए.च्या टिपणवह्या अशी एकेकाची सुनावणी होते आणि बहुतेकांना भंगारवाल्याच्या हातगाडीची शिक्षा होते. एक पुठ्ठ्याचा खोका मात्र दर वर्षी सुटतो. त्यात संगणकाचा एक जुना मदरबोर्ड आहे, सन २००५ सालचा.

"हा आता कुणाच्या उपयोगाचा?" ही विचारते.

"राहू दे," मी म्हणतो.

यंदा तो खोका आमच्या कन्येने उघडला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला शाईने लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचला. अक्षर तिच्या आजोबांचे. मग हकीकत सांगणे भागच पडले. ती आपल्यालाही सांगतो.

त्या साली मी एम.ए. होऊन, सेटची परीक्षा उत्तीर्ण होऊन, पुण्यातल्या दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो. हे तत्त्व ज्यांनी भोगले आहे त्यांना ते समजावून सांगायला नको. इतरांसाठी एवढेच, की वर्ग तोच, पुस्तक तेच, मुले तीच. पण शेजारच्या वर्गातल्या कायम प्राध्यापकाला महिन्याचा पगार आणि आपल्याला घेतलेल्या तासांचे मोजून पैसे. मे महिन्यात तेही नाहीत. आम्ही नारायण पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. अण्णा हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आणि धाकटा भाऊ अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. त्याला संगणक हवा होता. अण्णांनी त्यासाठी पैसे बाजूला काढून ठेवले होते आणि एक पैसाही वर मिळणार नाही, हेही सांगून ठेवले होते.

मदरबोर्ड म्हणजे संगणकाच्या पेटीतली ती मोठी हिरवी, काळी किंवा पिवळी पाटी, जिच्यावर बाकीचे सगळे भाग बसतात. त्याला 'मातृफलक' म्हणावे असे मी सुचवले, तेव्हा धाकटा इतका हसला की मी तो शब्द परत घेतला. ह्या बोर्डावर एक मुख्य चिप असते. वाड्यातल्या एखाद्या कर्त्या काकूने कोणाला कधी पाणी भरू द्यायचे, हे ठरवावे, तशी ती कोणत्या भागाला माहिती ने-आण करायला किती वाटा द्यायच्या हे ठरवते.

एनव्हिडिया कंपनीने २००४ च्या अखेरीला अशी एक चिप बाजारात आणली. नाव एन-फोर्स-४. तिचे साधी, अल्ट्रा आणि एसएलआय असे तीन प्रकार होते. अल्ट्रामध्ये चित्रे काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डासाठी सोळा वाटा एकाच खोबणीकडे जात. एसएलआयमध्ये त्याच सोळांच्या आठ-आठ अशा दोन वाटण्या करता येत आणि दोन कार्डे एकाच वेळी जुंपता येत. खेळांचे शौकीन त्यासाठी जादा पैसे मोजत. डीएफआय ह्या तैवानी कंपनीचा लॅनपार्टी नावाचा बोर्ड ह्या दोन्ही चिपा लावून मिळे. गंमत अशी, की बोर्ड छापताना त्यांनी दोन वेगळे साचे केलेच नव्हते. स्वस्तातल्या अल्ट्रा बोर्डावरही दोन लांब खोबणी होत्याच. दुसरीला एसएलआयचा अधिकार नव्हता, इतकेच.

आणि चिपचे म्हणाल तर तिथेही तोच प्रकार. अल्ट्रा आणि एसएलआय ह्या आतून एकच. चिपच्या माथ्यावर तिळाहून बारीक अशा धातूच्या ठिपक्यांची ओळ असते. त्यांतली एक जोडी एसएलआयमध्ये सांधलेली आणि अल्ट्रामध्ये मोकळी ठेवलेली होती. जानेवारी २००५ मध्ये एका अमेरिकी प्रकाशनाने हे छायाचित्रांसह प्रसिद्ध केले: ती जोडी सांधा, की अल्ट्रा स्वतःला एसएलआय समजू लागते. सांधायला काय हवे? वीज वाहून नेणारा रंग, नाहीतर शिसपेन्सिल. शिसपेन्सिलीत शिसे नसतेच. ग्रॅफाइट आणि चिकणमाती ह्यांचे ते मिश्रण असते आणि ग्रॅफाइटमधून वीज वाहते. पेन्सिल जितकी मऊ, तितके ग्रॅफाइट जास्त.

धाकट्याने सायबर कॅफेतून ती पाने छापून आणली आणि जेवणाच्या वेळी अण्णांच्या पानाशेजारी ठेवली. दोन बोर्डांच्या किमतींतला फरक तीन-साडेतीन हजारांचा होता, म्हणजे जवळजवळ माझी महिन्याची मिळकत. अण्णांनी चष्मा लावून सगळे वाचले, अर्थात चित्रे पाहिली, आणि विचारले, "ही चोरी नाही ना?"

"चोरी कसली, अण्णा? दुकानदार मागेल ते पैसे आपण देणार. वस्तू आपली झाली. मग तिच्यावर रेघ मारायची की चित्र काढायचे, ते आपण ठरवू."

"पण ज्याचे जास्त पैसे पडतात, ते तू कमी पैशांत घेणार."

"जे आत आधीच आहे तेच घेणार. त्यांनीच ठेवलंय ते."

अण्णा माझ्याकडे वळले. मी मराठीचा पदवीधर म्हणून नीतिशास्त्राचाही जाणकार असेन, असा त्यांचा समज होता. मला काही ठरवता येईना. खरे सांगायचे तर माझे मन त्या अल्ट्राच्या बाजूचे झाले होते. आत सगळे तेच असून केवळ एक ठिपका न सांधल्यामुळे जो कमी दराने विकला जातो, त्याच्याविषयी तासिका तत्त्वावरच्या माणसाला आपुलकी वाटावी, ह्यात नवल नाही. मी म्हणालो, "घेऊ या."

एका रविवारची सुटी साधली तर बाजार बंद, म्हणून शनिवारी सकाळच्या सिंहगडने आम्ही दोघे निघालो, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड गाठले आणि लॅमिंग्टन रोडवर दुपारपर्यंत पायपीट करून बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि एक ग्राफिक्स कार्ड घेतले. दुकानदाराने बिलावर हमीचा शिक्का मारताना सांगितले, की वस्तूत काही फेरफार आढळला तर हमी संपली. धाकट्याने मान डोलावली. मीही डोलावली. येताना गाडीत तो खोका मी मांडीवर घेऊन बसलो होतो. एखाद्याच्या घरी पाळण्यातले मूल न्यावे तसा.

रेघ मारण्याचा कार्यक्रम रात्री साडेनवाला, जेवणे आटोपल्यावर सुरू झाला. आईने ओटा पुसून दिला. चिपवर छोटा पंखा बसवलेला असतो, तो काढायला हवा. बोर्ड उलटा करून पंख्याच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या पक्कडीने चिमटून मागे ढकलल्या. चिपच्या माथ्यावरची थर्मल पेस्ट स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसली. पंचांग वाचायचे अण्णांचे भिंग मी एका हातात धरले, विजेरी दुसऱ्या हातात. पेन्सिल माझीच होती, परीक्षेच्या पेपरांवर खुणा करायची, २बी. धाकट्याने तिला टोक काढून दोन ठिपक्यांमधून पुन:पुन्हा फिरवली. शेजारच्या ठिपक्यांवर भुकटी सांडली तर नको ते सांधले जाईल, म्हणून फुंकरही मारायची नाही. कोरड्या कुंचल्याने टिपायची. सगळा मिळून एका तांदळाच्या दाण्याच्या आतला व्यवहार. पण तासभर लागला. मग नवी पेस्ट, पंखा परत, प्रोसेसर, रॅम, कार्ड, आणि बोर्डावरच्या जंपरांचे ठोकळे उपटून एसएलआयच्या जागी बसवणे.

बटण दाबले. पंखे फिरले. पडदा काळा.

त्या बोर्डावर चार छोटे दिवे असतात. संगणक जागा होताना ते एकेक करून विझत जायला हवेत. ते विझेनात. धाकट्याने बंद करून पुन्हा चालू केले. तेच. अकरा वाजले, बारा वाजले. रेघ पुसली, जंपर होते तसे केले, तरी तेच. धाकट्याच्या कपाळावरचा घाम भिंगातून पाहिल्यासारखा मला दिसत होता. अण्णांचे निवृत्तीचे पैसे ओट्यावर पडले होते आणि त्यांचे पंखे फिरत होते.

साडेबाराला तो हळू आवाजात म्हणाला, "दादा, रेघ पुसलीच आहे. कापसाने आणखी एकदा साफ करतो. उद्या नेऊन देऊ. 'घरी लावला तर चालूच झाला नाही' म्हणू. त्यांना कळायचं नाही."

मी काही बोललो नाही. न बोलणे म्हणजे संमती, हे मला ठाऊक होते आणि म्हणूनच मी बोललो नाही. पण अण्णा जागे होते. ते दारात येऊन उभे राहिले.

"संध्याकाळी मी विचारलं ते चुकीच्या ठिकाणी विचारलं," ते म्हणाले. "रेघ मारलीत ती चोरी नव्हे. ती पुसून परत देणार असाल, तर ती चोरी. बंद पडला असेल तर तो आपला बंद पडला. माझे पैसे गेले असं मी धरतो. झोपा आता."

ते आत गेले. धाकटा रडकुंडीला आला होता. काहीतरी करायचे म्हणून त्याने सगळे सुटे करून पुन्हा बसवायला घेतले, आणि रॅमच्या पट्ट्या काढताना थांबला. एका पट्टीचे टोक खोबणीत पुरते बसलेच नव्हते. बाजूची चाप वर आली होती, ती भिंगाच्या नादात दोघांनाही दिसली नव्हती. दाबून बसवली, खट्‌ असा आवाज झाला. बटण दाबले. चार दिवे एकेक करून विझले आणि पडद्यावर अक्षरे आली.

मग पुन्हा रेघ मारायची की नाही, ह्यावर रात्री एक वाजता चर्चा झाली. मारली. अडीचच्या सुमारास संगणकाने आपल्या चिपचे नाव वाचून दाखवले: एन-फोर्स-४ एसएलआय.

सकाळी अण्णांनी खोक्याचे झाकण मागवून घेतले आणि आतून लिहिले: "ह्या बोर्डावर पेन्सिलीने फेरफार केला आहे. परत करू नये. विकल्यास सांगून विकावा." खाली तारीख आणि सही, कचेरीतल्या टिपणीवर करावी तशी.

आता गमतीचा भाग. ती दुसरी खोबणी पुढे सहा वर्षे रिकामी राहिली. दुसरे ग्राफिक्स कार्ड घ्यायला पैसे होते कुणाकडे? जो अधिकार रात्री अडीच वाजता मिळवला, तो बजावण्याची वेळ आलीच नाही. एनव्हिडियाने पुढच्या चिपांवर ते ठिपके कडक रसायनाखाली झाकून टाकले. भाऊ म्हणायचा, "दादा, आपला बोर्ड त्याच्या आधीचा." एवढ्याचेच त्याला केवढे समाधान!

बंधुराज आता बंगळुरूला आहेत आणि चिपांची तपासणी हाच त्यांचा व्यवसाय आहे. गेल्या दिवाळीत तो आला असताना मी त्याला विचारले, की इतकी वर्षे आतून पाहिल्यावर काय वाटते? कंपन्या लबाडी करतात की नाही?

त्याने सरळ उत्तर दिले नाही, गोष्टी सांगितल्या. १९९१ साली इंटेलने ४८६ एसएक्स नावाचा प्रोसेसर काढला. तो म्हणजे महागड्या ४८६ डीएक्सचाच भाऊ, फक्त अपूर्णांकांचे गणित करणारा भाग बंद केलेला. तो भाग हवा असेल तर ४८७ एसएक्स नावाची जोडचिप घ्या, म्हणाले. ती जोडचिप म्हणजे अख्खा डीएक्सच होता. ती बसवली की पहिली बिचारी गप्प बसून राही आणि सगळे काम दुसरीच करी! आयबीएमने १९९० साली स्वस्त लेसर प्रिंटर काढला, तो मिनिटाला दहाऐवजी पाच पाने छापी. यंत्र तेच, मध्ये मध्ये थांबण्याची आज्ञा तेवढी जादा घातलेली. म्हणजे वस्तू मंद करायला कष्ट घेतले आणि मग ती स्वस्त विकली. २०१० साली इंटेलने तर पन्नास डॉलरचे एक कार्ड दुकानात ठेवून पाहिले. त्यावरचा आकडा संगणकात भरला की प्रोसेसरमधला झोपलेला भाग जागा होई. लोक चिडले आणि पुढच्या वर्षी ते बंद झाले.

"म्हणजे लबाडीच की," मी म्हणालो.

"थांब. २००३ साली इंटेलच्या दोन चिपा होत्या, ८७५पी आणि ८६५पीई. महागडीत स्मृतीकडे जायची एक जवळची वाट खुली, स्वस्तीत बंद. बोर्ड करणाऱ्यांनी स्वस्त बोर्डांवरही ती वाट उघडून दिली, आसूसने तर पहिल्यांदा. इंटेलला ते रुचलं नाही. पण त्यांचं म्हणणं काय होतं? ज्या चिपा त्या वेगाला टिकतात त्या आम्ही वेचून वेगळ्या काढतो. हे खोटं नाही. एका चकतीवर शेकडो चिपा होतात, सगळ्या सारख्या उतरत नाहीत. आई तांदूळ निवडायची ना, तसं."

मग त्याने २००९ सालची हकीकत सांगितली. एएमडीचे दोन किंवा तीन गाभ्यांचे फिनॉम प्रोसेसर मूळचे चार गाभ्यांचे होते आणि बोर्डाच्या बायोसमधली एक सोय चालू केली की बंद गाभे उठून बसत. बोर्डवाल्यांनी त्याची जाहिरातही केली. काहींचे संगणक त्यावर वर्षानुवर्षे नीट चालले. काहींचे मात्र हिशेब चुकू लागले, मध्येच गोठू लागले. कारण तो चौथा गाभा खरोखरच अधू म्हणून बंद केलेला होता. "बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, दादा. रेघ मारल्यावर कळतं. आणि कधी कधी लगेच कळत नाही, ते जास्त वाईट."

मला माझ्या कायम होण्याची आठवण झाली. २००९ सालीच मला नेमणुकीचे पत्र मिळाले. जूनच्या पहिल्या तासाला मी तोच धडा शिकवला, जो आधीच्या जूनमध्ये शिकवला होता. पण तेवढ्याच योग्यतेचे माझे दोन मित्र अजूनही तासांवरच आहेत, आणि ती निवड तांदळासारखी झाली होती असे मला म्हणवत नाही. असो.

आमची कन्या हे सगळे ऐकत होती. तिच्या टेबलावर २०१३ सालचा एक स्वस्तातला बोर्ड आहे. तिला त्यावर एनव्हीएमई डिस्क हवी होती. ती म्हणजे च्युइंगगमच्या वडीएवढी चपटी पट्टी, जुन्या डिस्कपेक्षा कितीतरी चपळ. ग्राफिक्स कार्डाच्या रिकाम्या खोबणीत एक साधी जोडपट्टी घालून ती बसते. पण बोर्डाच्या बायोसला तिची ओळख नसते, त्यामुळे संगणक तिच्यावरून सुरू होत नाही. नव्या बोर्डांच्या बायोसमध्ये ती ओळख करून देणारा काही किलोबाइटांचा तुकडा असतो. तो जुन्या बायोसमध्ये घालायचा, एवढेच. पेन्सिल नाही, तिच्या जागी आता लॅपटॉप आणि बायोसची चिप लिहिणारे काही शे रुपयांचे यंत्र. तिच्या काकाने फोनवरून दोन आज्ञा केल्या. त्या स्वस्त यंत्रांतली काही ३.३ व्होल्टच्या चिपला ५ व्होल्टचे संकेत देतात, म्हणून आधी मल्टिमीटरने मोज. आणि मूळ बायोस दोनदा वाचून घे. दोन्ही प्रती अक्षरश: एक निघाल्या तरच पुढे जा. रेघ पुसता येते. बायोस पुसल्यावर मूळ प्रत नसेल तर बोर्डाची विटी गेलीच.

तिने मोजले, वाचले, ताडून पाहिले, नवा तुकडा घातला, चिप परत बोर्डात बसवली आणि बटण दाबले. पडदा काळा.

मी खुर्चीवरून उठलोच नाही. "पाय नीट बसलेत का बघ," म्हणालो. आठांतला एक पाय सॉकेटाबाहेर वाकला होता. वस्तू पुरती न बसवण्याचा दोष आमच्या घराण्यात आहे, तो तिच्यापर्यंत उतरला. तिने चिमट्याने पाय सरळ केला, चिप दाबली आणि संगणक अर्ध्या मिनिटात उघडला. पूर्वी दोन मिनिटे घेई.

हे सगळे यंदाच्या माळा उतरवण्याच्या आदल्या आठवड्यातले. म्हणून झाकणावरचा मजकूर वाचून झाल्यावर तिने तो खोका खाली ठेवला नाही. आजोबा २०१४ साली गेले तेव्हा ती अगदी लहान होती. त्यांचे अक्षर तिने असे जवळून पाहिले नव्हते. थोड्या वेळाने ती एक कागदाची पट्टी आणि चिकटपट्टी घेऊन आली.

"बाबा, माझ्याही पेटीवर लिहिते. काय काय लिहायचं?"

"काय बदललंस ते. आणि तारीख. मूळ प्रत कुठे ठेवलीस तेही लिही."

मी टेबलावरची पेन्सिल तिच्यापुढे केली.

"ही नको," ती म्हणाली, "पुसेल." आणि माझ्या खिशातले पेन काढून घेतले.